मुलाला न कळता त्याचा फोन बघायला कुठलं ॲप टाकू?

ताई, पत्र मिळालं. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. तुमचा मुलगा १३ वर्षांचा. वर्गातल्या मुलांनी आपला आपला एक वॉट्सॲप ग्रुप काढला, त्यात कुणीतरी एका मुलाचा बाकावर डोकं टेकून झोपलेला फोटो टाकला, त्याचे स्टिकर बनले, ते चार दिवस फिरत राहिले आणि तो मुलगा शाळेत यायचाच बंद झाला. फिरवणाऱ्यांत तुमचाही मुलगा होता. शाळेने पालकांना बोलावून 'मुलांच्या हातात फोन देता कशाला' असं सगळ्यांना सुनावलं, आणि त्याच शाळेचा होमवर्क रोज रात्री नऊच्या सुमारास फोनवरच येतो. बाबांनी चिडून फोन कपाटात ठेवून दिला, तर थोड्याच दिवसांत कळलं की मुलाने आजीच्या फोनवर इन्स्टाग्रामचं दुसरं अकाउंट काढलंय. आता तुम्ही विचारताय की त्याला न कळता त्याचे सगळे मेसेज बघता येतील असं ॲप कुठलं, आणि शाळा पुढच्या टर्मपासून फोनवर पूर्ण बंदी आणतेय तर तेवढ्याने भागेल का.

ॲपचं आधी सांगते, कारण तेच तुम्ही दोनदा विचारलंय. नका टाकू. लपून मेसेज वाचणारी जी ॲप्स असतात ना, त्यातली बरीचशी टाकताना फोनची स्वतःची सुरक्षा आधी बंद करायला सांगतात, म्हणजे मुलाला सुरक्षित ठेवायचं म्हणून आपणच फोनचं दार उघडं टाकायचं. वर त्याचे सगळे मेसेज, फोटो, तो कुठे आहे हे सगळं कुठल्यातरी अनोळखी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन पडतं, आणि अशा कंपन्यांचा डेटा चोरीला गेल्याच्या घटना एकापेक्षा जास्त वेळा झाल्यात. त्या मेसेजमध्ये फक्त तुमचा मुलगा नसतो हेही लक्षात घ्या, त्याच्या मित्रांचं, मैत्रिणींचं बोलणंही असतं आणि त्यांच्या आईबापांना तुम्ही विचारलेलं नाही. आणि त्याला कळणार, आज ना उद्या कळणारच, १३ वर्षांच्या मुलाला फोनमधलं आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्या दिवसानंतर तो तुम्हाला काहीही सांगणार नाही. उघडपणे, त्याला सांगून, त्याच्यासमोर बसून जे लावता येतं ते जरूर लावा, अँड्रॉइडवर गूगलचं फॅमिली लिंक आहे, आयफोनमध्ये स्क्रीन टाइम आहे, त्यात वेळेची मर्यादा घालता येते, नवीन ॲप घेताना तुमची परवानगी लागेल असं ठेवता येतं. पण त्यात मेसेज वाचता येत नाहीत, आणि मला विचाराल तर तेच बरोबर आहे.

आता आजीच्या फोनचं. तुम्ही लिहिलंय 'इतका खोटारडा कधी झाला कळलंच नाही'. ताई, मला त्यात खोटारडेपणापेक्षा वेगळंच काहीतरी दिसतंय. फोन काढून घेतल्यावर त्याचे मित्र, ग्रुप, कोण काय म्हणालं, उद्या शाळेत कशावर हसतील, सगळंच एका दिवसात बंद झालं आणि ते परत कधी मिळणार हे कुणी सांगितलं नाही. 'नीट वागशील तेव्हा' म्हणजे कधी? मग तो मागच्या दाराने गेला. जायला नको होतं, मान्य, पण आता विचार करा, की त्या मागच्या दाराच्या अकाउंटवर त्याला काही वाईट भेटलं तर तो कुणाकडे येईल? आजीकडे येणार नाही, आजी घाबरेल. तुमच्याकडे येऊ शकत नाही, कारण आधी 'हे अकाउंट आलं कुठून' याचं उत्तर द्यावं लागेल. म्हणजे घरात चार मोठी माणसं असून तो एकटाच.

हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये, पण काय वाईट भेटू शकतं ते एकदा नीट सांगितलंच पाहिजे, कारण मुलींच्या आईवडिलांना याची थोडीफार कल्पना असते, मुलांच्या आईवडिलांना अजिबात नसते. एका मुलीच्या नावाने फॉलो रिक्वेस्ट येते, फोटो छान, दोन-तीन ओळखीचे फॉलोअर्सही दिसतात त्यामुळे शंका येत नाही. 'हाय, तू अमुक शाळेत ना?' दोन दिवस गोड गप्पा. मग 'इथे नको, दुसऱ्या ॲपवर ये'. मग ती स्वतःचा एक फोटो पाठवते, म्हणजे कुणाचातरी चोरलेला, आणि म्हणते आता तुझा पाठव. मुलगा पाठवतो. पुढच्या मिनिटाला स्क्रीनशॉट येतो, त्यात त्याचा फोटो आणि त्याच्या फॉलोअर्सची यादी, मामा, मावशी, क्लासचे सर, सगळे, आणि खाली लिहिलेलं असतं की एका तासात पैसे दे नाहीतर यांना सगळ्यांना जाईल. ही टोळ्यांची ठरलेली पद्धत आहे, आणि १४ ते १७ वयाचे मुलगे त्यांचं नेहमीचं लक्ष्य असतात. त्या एका तासात पोराच्या डोक्यात काय चालू असतं याचा विचार करा. बदनामीची भीती तर असतेच, पण शाळांमध्ये मुलांशी बोलताना मी जे सारखं ऐकते ते असं, की 'घरी सांगितलं तर आधी फोन जाईल'.

म्हणून माझं तुम्हाला सगळ्यात कळकळीचं सांगणं हे आहे की तुम्ही आणि त्याच्या बाबांनी, दोघांनी मिळून, त्याला समोर बसवून एक शब्द द्या. साध्या भाषेत द्या. 'फोनवर तुझ्याकडून कितीही मोठी चूक झाली, तू काहीही पाठवलंस, कुणालाही पाठवलंस, आणि ते तू स्वतः येऊन आम्हाला सांगितलंस तर आम्ही फोन काढून घेणार नाही, ओरडणार नाही, आधी तुला त्यातून बाहेर काढू.' आणि मग तो शब्द पाळा, खरंच पाळा, कारण पहिल्यांदा तो काहीतरी छोटं सांगून बघेल, मुलं बघतातच, कुणीतरी घाण व्हिडिओ पाठवला वगैरे, तेव्हा तुम्ही कसं वागता त्यावर पुढचं मोठं तो सांगणार की नाही ते ठरणार आहे. बाबांना हे अवघड जाईल असं पत्रावरून वाटतंय. त्यांना हे सगळं वाचून दाखवा.

आणि खरोखर तसं काही झालंच तर काय करायचं तेही आत्ताच दोघांना माहीत असू दे. पैसे द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की पुन्हा मागतात. चॅट डिलीट करायचं नाही, घाबरून मुलं आधी तेच करतात आणि पुरावाच जातो. स्क्रीनशॉट घ्यायचे, त्यात समोरच्याचं युजरनेम दिसलं पाहिजे, मग त्या अकाउंटला रिपोर्ट करून ब्लॉक करायचं आणि सायबर पोलिसांकडे जायचं. फोटो पसरायची भीती असेल तर टेक इट डाउन नावाची एक मोफत सेवा आहे, अमेरिकेतली हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था २०२३ पासून ती चालवते, १८ वर्षांखालच्या वयात काढलेल्या फोटोंसाठी. तिची चांगली गोष्ट ही की फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, तो फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त एक आकड्यांचा ठसा तयार होऊन जातो आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, स्नॅपचॅट अशा सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो आपल्याकडे शोधून काढून टाकतात. नाव सांगावं लागत नाही. मुलाला हे एवढं जरी माहीत असलं ना, की यावर उपाय आहे, तरी तो एक तास वेगळा जाऊ शकतो.

बरं, आता त्या स्टिकरकडे येते, कारण पत्रात तुम्ही ते दोन ओळीत संपवलंय आणि शाळेवर चार परिच्छेद लिहिलेत. शाळेने सुनावलं त्याचा राग मला समजतो. पण ताई, तो दुसरा मुलगा शाळेत येत नाहीये. तुमचा मुलगा म्हणतो 'मी बनवला नाही, मी फक्त फॉरवर्ड केला', आणि त्याला मनापासून तसंच वाटतही असेल, ग्रुपमध्ये तीस-पस्तीस जण असले की प्रत्येकाला आपला वाटा अगदी चिमूटभर वाटतो. ज्याचा स्टिकर आहे त्याच्या फोनवर मात्र ते तीस-पस्तीस वेळा वाजतं. रात्री अकराला वाजतं, सकाळी उठल्यावर वाजतं. पूर्वी वर्गात कुणी चिडवलं तरी घरी आल्यावर सुटका व्हायची, यात ती होत नाही. हे त्याला ओरडून सांगू नका, विचारा. 'तुझा स्टिकर असता तर तू सोमवारी शाळेत गेला असतास का?' आणि उत्तराची वाट बघा, मध्येच बोलू नका. मग त्याने स्वतःच्या फोनमधून स्टिकर काढायचा आणि त्या मुलाची माफी मागायची, एकट्याला भेटून किंवा फोन करून, ग्रुपवर सॉरीचा मेसेज टाकून अजिबात नाही, तसं केलं की परत सगळे त्या मुलाकडेच बघतात. तुम्हीही त्या मुलाच्या आईला एक फोन करा. पालकांच्या ग्रुपवर मात्र या विषयावर एक अक्षरही लिहू नका, तिथे आता कुणाच्या मुलाने सुरू केलं यावर भांडण जुंपलेलं असणार आणि मुलं ते सगळं वाचत असतात.

शाळेच्या बंदीबद्दल. माझं मत बंदीच्या बाजूने आहे, शाळेच्या वेळेपुरतं. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत फोन वापरायला बंदी घातली, नेदरलँड्सने जानेवारी २०२४ पासून माध्यमिक शाळांच्या वर्गात फोन बंद केले. युनेस्कोने २०२३ च्या शिक्षण अहवालात हा विषय घेतला होता, त्यात एका अभ्यासाचा दाखला होता की एकदा लक्ष उडालं की अभ्यासात परत नीट लागायला मुलांना २० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणजे तासाला दोनदा फोन थरथरला तर तास संपलाच की. पण बंदी शाळेच्या गेटवर संपते, आणि तुमच्या पत्रातला स्टिकर काही वर्गात बनलेला नाही, फोटो वर्गातला असेल पण बाकी सगळं रात्री घरून झालंय. त्यामुळे बंदी आणली, आमचं काम झालं, असं शाळेला म्हणता येणार नाही, आणि दिवसभर फोन बंद ठेवून रात्री नऊला होमवर्क फोनवर पाठवणार असतील तर ते मुलाला आपल्या हाताने परत फोनपाशी आणून बसवणंच झालं. तुमचा मुलगा होमवर्क बघायला फोन उघडतो आणि पाऊण तासाने बाहेर येतो असं तुम्ही लिहिलंय, त्यात त्याचा दोष मी निम्मासुद्धा धरणार नाही.

तेव्हा शाळेत जा, पण भांडायला नको. एकट्याही जाऊ नका, चार-पाच पालक मिळून जा, आणि लेखी द्या म्हणजे विषय रेंगाळत नाही. असं काहीतरी लिहा: 'शाळेच्या वेळेत फोन बंद ठेवण्याच्या निर्णयाला आमचा पाठिंबा आहे. त्यासोबत होमवर्क वर्गातच वहीत उतरवून द्यावा. शाळेच्या ग्रुपवर फक्त शिक्षकांनाच मेसेज टाकता येईल अशी सेटिंग ठेवावी आणि संध्याकाळी सातनंतर मेसेज टाकू नयेत. मुलांना ऑनलाइन त्रास झाला तर कुठल्या शिक्षकांना सांगायचं त्यांचं नाव वर्गात लावावं आणि सांगितल्यावर पुढे काय होतं ते मुलांना आधीच समजावून सांगावं.' यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि तेच नेमकं राहून जातं. बहुतेक शाळा वर्षातून एकदा सायबर सुरक्षेचं व्याख्यान ठेवतात, बाहेरचे कुणीतरी येतात, भीतीदायक गोष्टी सांगून जातात, आणि दुसऱ्या दिवशी ज्या मुलीला खरंच कुणी त्रास देतंय तिला कुणाकडे जायचं तेच माहीत नसतं. किंवा ती वर्गशिक्षिकांकडे जाते आणि त्या भर वर्गात विचारतात 'कोण कोण आहे त्या ग्रुपमध्ये, उभे राहा'. मग पुन्हा कोण सांगायला जाईल? आणखी एक, शाळा स्वतः मुलांचे फोटो, नाव आणि वर्ग लिहून सगळ्यांना दिसतील असे टाकत असेल तर तेही थांबवायला सांगा. आत्ताच वर बघितलं ना, 'तू अमुक शाळेत ना', ते त्या माणसाला तिथूनच कळतं.

घरातलं आता. फोन त्याला परत द्या, पण तारीख ठरवून आणि नियम बोलून. माझ्या मते घरात एकच नियम दगडावर कोरलेला असावा, बाकीचे वयाप्रमाणे बदलू देत, आणि तो म्हणजे रात्री फोन झोपायच्या खोलीत नाही, सगळ्यांचे फोन बाहेर एका जागी चार्जिंगला, तुमचा आणि बाबांचासुद्धा. अलार्मसाठी साधं घड्याळ घ्या. १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, आणि त्यांची झोप काय फक्त स्क्रीनच्या उजेडाने जात नाही, कुणाचं उत्तर आलं का याची वाट बघण्याने जाते. स्नॅपचॅटवर स्ट्रीक म्हणून एक प्रकार असतो, दोघांनी २४ तासांच्या आत एकमेकांना काहीतरी पाठवलं नाही तर मोजणी शून्यावर येते, मुलं ताप असतानासुद्धा मित्राला पासवर्ड देऊन ती चालू ठेवायला सांगतात. हे आपल्याला फालतू वाटतं, त्यांना नाही वाटत, तेव्हा हसू नका. उलट त्याला सांगा की बाळा, हे तुला सोडता येऊ नये म्हणूनच असं बनवलंय. खाली सरकवत राहिलं तरी पान कधी संपतच नाही ना, ती युक्ती २००६ मध्ये आझा रास्किन नावाच्या डिझायनरने काढली आणि पुढे त्यानेच जाहीरपणे त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. या वयाच्या मुलांना 'तू बिघडलायस' म्हटलेलं आवडत नाही पण 'तुला कुणीतरी गंडवतंय' म्हटलं की त्यांचे कान टवकारतात, माझा तरी असाच अनुभव आहे.

आणि सेटिंग्ज त्याच्यासोबत बसून एकदाच नीट करून घ्या, अर्धा तास लागेल. वॉट्सॲपच्या प्रायव्हसीमध्ये ग्रुप्स म्हणून आहे, तिथे 'माझे कॉन्टॅक्ट्स' ठेवलं की कुणीही अनोळखी त्याला ग्रुपमध्ये ओढू शकत नाही. अनोळखी नंबरचे कॉल गप्प करायची सोय तिथेच आहे. मग इन्स्टाग्राम. तिथे अकाउंट काढायला कमीत कमी १३ वर्षं लागतात, म्हणजे वयात तो बसतो, पण त्याने जन्मसाल कुठलं टाकलंय ते बघाच. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी सप्टेंबर २०२४ पासून त्यांनी टीन अकाउंट आणलंय, ते आपोआप प्रायव्हेट असतं, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन वाजत नाहीत, आणि १६ च्या आतल्या मुलाला यातलं काही सैल करायचं असेल तर पालकांची परवानगी लागते. पण मुलं सर्रास वय वाढवून टाकतात, आणि मग यातलं एकही संरक्षण त्यांना मिळत नाही, कंपनीच्या लेखी ती मोठी माणसं. आजीच्या फोनवरच्या त्या अकाउंटला तर मला हीच शंका आहे. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना अशी अकाउंट ठेवायलाच मनाई केली आणि जबाबदारी कंपन्यांवर टाकली. ते कितपत जमतंय ते पुढे दिसेल, पण खोटं वय टाकून आत येणं किती सोपं होतं हे त्यांनी मान्य केलं, हे मला आवडलं.

तर त्या दुसऱ्या अकाउंटचं काय करायचं, हे तुम्ही शेवटी विचारलंय. तुम्हाला माहीत आहे हे त्याला अजून माहीत नाही, बरोबर? मग पकडल्यासारखं करू नका, आजीसमोर तर मुळीच नको. आधी तो वर लिहिलेला शब्द द्या. एक-दोन दिवस जाऊ देत, कदाचित तो स्वतःच सांगेल. नाही सांगितलं तर तुम्ही सांगा, 'मला ते अकाउंट माहीत आहे, मी ओरडणार नाहीये, तिथे तुला त्रास देणारं कुणी आहे का एवढंच विचारायचंय.' मग कोण कोण फॉलो करतंय ते त्याच्या शेजारी बसून बघा, फोन त्याच्याच हातात राहू दे, ज्यांना तो प्रत्यक्षात ओळखत नाही त्यांना त्यानेच काढायचं, आणि मग ते अकाउंट त्यानेच बंद करायचं, कारण त्याचं पहिलं अकाउंट त्याला खऱ्या जन्मसालासकट परत मिळणार आहे. आजीला फोनला पिन लावून द्या आणि तो पिन नातवाला सांगायचा नाही एवढं प्रेमाने पटवा. त्यांनाही अनोळखी नंबरवरून लिंक येत असतीलच, त्या कशा ओळखायच्या हे नातवाने त्यांना शिकवायचं, ते काम त्याच्याकडे द्या.